बदकवाले सर

त्यांना चपला काढलेल्या चालत नसत.

आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत जा, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो. आत पोरं अनवाणी, पडद्यांवर फुलाफुलांची फडकी, कोपऱ्यात विझलेली उदबत्ती. आमच्याकडेही तसंच होतं. त्या खोलीचा कारभार सरांकडे आला त्या दिवशी ते दारात आडवे उभे राहिले आणि ओरडले, "घाला रे चपला! शॉक लागला तं कोन धावन? देवघर हाये काय हे?"

एका पोराने धीर करून विचारलं, "सर, धूळ जाईन ना मशीनमंदी?"

"जाऊ दे. धूळ पुसता येते. पाया पडायची आदत पुसता येत नाई."

मुख्याध्यापकांना हे आवडलं नाही. मलाही नाही. पण मी बोलले नाही. न बोलणं हा माझा जुना स्वभाव आहे आणि शिक्षकांच्या खोलीत त्याला समंजसपणा म्हणतात.

वाशिमकडच्या मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आमची शाळा. सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. त्यांचं घर मालेगावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत; वडील शिंपी होते. शिंप्याच्या घरातून त्यांनी एकच गोष्ट उचलली होती, पण ती पूर्ण उचलली होती: तयार कपडा आपल्या मापाचा करून घेणे. आमच्या खोलीतल्या दहा-बारा मशीन म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांच्यातली विकतची सिस्टीम एक फाइल उघडायला अर्धा तास खायची. सरांनी ती पुसून टाकली आणि लिनक्स आणलं. लिनक्स म्हणजे काय हे त्यांनी शिक्षकांच्या खोलीत एकदाच समजावून सांगितलं. "फुकटात भेटते, आणि शिवण उसवून पाहाची परवानगी असते. आमचे अब्बा मोठ्याच्या पँटीतून पोराची हाफपँट काढत. तसंच हे. कंपनीनं सगळ्या दुनियेसाठी शिवलं, आपन आपल्या पोट्ट्याच्या मापाचं करायचं."

पाच वर्षं ते हेच करत होते. उसवायचे, कापायचे, शिवायचे. मधल्या सुट्टीत डबा खाता खाता गुडघ्यावर लॅपटॉप. भूगोलाच्या तासाला नदीचं खोरं शिकवता शिकवता मध्येच थांबून खडूने फळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून ठेवायचे आणि पोरांना सांगायचे, "हे पुसू नका, हे माहं हाये."

त्या सिस्टीमची खूण म्हणजे एक पक्षी होता. चालू केलं की पडद्यावर यायचा. आमच्या पोरांनी पेंग्विन कुठे पाहिलेला? त्यांनी त्याला बदक ठरवलं, आणि सरांना बदकवाले सर. सरांनी दुरुस्त केलं नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, भूगोलाचे शिक्षक तुम्ही, निदान पक्षी तरी बरोबर सांगा." तर म्हणाले, "मॅडम, बरफातला पक्षी वाशिम जिल्ह्यात आला. बदक होऊनच जगन ना तो."

जुन्या मशीन ते कुठून कुठून गोळा करायचे. एखाद्या बँकेने टाकलेली, एखाद्या पतसंस्थेच्या माळ्यावरची. एकदा वाशिमहून येताना बसमध्ये मी पाहिलं: सरांच्या शेजारच्या सीटवर कॉम्प्युटरचा एक जुना डबा, त्याला सीटच्या दांडीला उपरण्याने बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "मास्तर, लगेज खाली ठेवा."

"लगेज नाई हो. विद्यार्थी हाये. शाळेत भरती कराले नेऊन राह्यलो."

"मंग पास दाखवा विद्यार्थ्याचा."

"आजच तं नाव घालतो, बावा. पास कुठून असन?"

सगळी बस हसली. कंडक्टरही हसला, पण डबा खाली ठेवायला लावलाच. मग सर स्वतः उठले, डब्याशेजारी खाली बसले आणि तसेच मालेगावपर्यंत आले. मी दोन सीट मागे होते. ओळख दाखवली नाही.

त्यांची रचना अशी होती की एकच मशीन धडधाकट, बाकीच्यांच्या पोटात काहीच नाही. त्या फक्त पडदा आणि कळफलक. सगळं डोकं त्या एकीत. ती शेजारच्या सामानाच्या खोलीत असायची, इन्व्हर्टरच्या बाजूला. सर तिला थोरली म्हणायचे आणि बाकीच्यांना धाकट्या जावा. "थोरली जागी असली की घर चालते. थोरली झोपली की चूल बंद." थोरलीच्या विजेच्या बोर्डात दुसरं काहीही लावायचं नाही, हा त्यांचा एकमेव कडक नियम. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाला त्यांनी तो बोर्ड हात धरून नेऊन दाखवला होता. मलाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं त्याकडे येते.

सिस्टीममध्ये मराठी होती. पण ती कुठल्या तरी लांबच्या माणसांनी केलेली, पुस्तकी. पोरं ती वाचायची आणि गप्प बसायची. एका शनिवारी सर घरी बसून ती दुरुस्त करत असताना त्यांच्या बेगम, आम्हा सगळ्यांच्या भाभी, मागे भाजी निवडत होत्या. भाभींचं माहेर शिरपूरकडच्या खेड्यात, कुणब्यांच्या घरांच्या मधोमध. उर्दू त्यांना यायची, पण राग आणि थट्टा वऱ्हाडीतून. सरांनी मोठ्याने वाचलं, "कृपया प्रतीक्षा करा, प्रणाली सुरू होत आहे." भाभी म्हणाल्या, "हे कोन, तहसीलदार बोलून राह्यला काय? सांग ना सरळ, थांब थोडं, उठून राह्यली."

सरांनी तेच टाकलं.

तिथून सुरू झालं. प्रिंटरचा कागद संपला: "कागद सरला. मास्तरले सांग." पासवर्ड चुकला: "चुकलं बावा. घाई कायले करतं?" पोरं एकमेकांच्या फाइली उडवायची, त्याच्यावर उपाय: "मिटवून राह्यला काय? पाह्य बरं, मंग रडशीन." मशीन अडली की: "दम धर. तिचा जीव घाबरा झाला." रोज संध्याकाळी सर घरी एक इंग्रजी वाक्य घेऊन जायचे, भाभी कणीक मळता मळता त्याचं उत्तर द्यायच्या. सकाळी ते मशीनमध्ये.

पोरं बोलायला लागली. मशीनला उत्तरं द्यायला लागली. "हो वो, कळलं!" असं एक मुलगी पडद्याला म्हणताना मी स्वतः ऐकलं. एकदा सरांनी भाभींना शाळेत आणलं. बुरखा, हातात सरांचा विसरलेला डबा. थोरली चालू केली, बदक आलं, खाली अक्षरं आली. भाभींनी ती सावकाश वाचली आणि इतक्या हसल्या की ओढणीने डोळे पुसावे लागले. "वो अम्मा! माहं बोलनं लिवलं वो हिनं!"

मी दारात उभी होते. मला हसू आलं नाही. मला राग आला होता.

सरांशी मी वादही घातला. "आम्ही वर्गात घसा कोरडा करून प्रमाण भाषा शिकवतो, आणि तुम्ही पडद्यावर हे लिहिता. उद्या ही मुलं बोर्डाच्या पेपरात 'रडशीन' लिहितील."

"लिहू द्या ना दोन-चार दिवस. मॅडम, ज्याच्या घरी 'कायले' म्हणतात, त्याले मशीन 'कशासाठी' म्हणली, तर ते पोट्टं मशीनले पाहुना समजते. पाहुन्याच्या पुढं कोन मोकळं बसते?"

मी म्हटलं, "भाषेची शुद्धता नावाची गोष्ट असते."

ते भांडले नाहीत. "असन बाप्पा," म्हणाले.

त्या रागाचं मूळ मला तेव्हाही ठाऊक होतं. मी मानोरा तालुक्यातली, पोहरादेवीच्या अलीकडच्या एका गावची. डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात "मले" म्हणाले आणि पुढची दोन वर्षं मुलींनी मला मलेबाई म्हणून हाक मारली. मी जीभ घासून घासून स्वच्छ केली. लग्नानंतर नवऱ्यालाही कधी माझी घरची भाषा ऐकू दिली नाही. आईशी फोनवर बोलताना गच्चीवर जायचे. आणि इथे एक बाई कणीक मळता मळता जे बोलते ते दिव्यासारखं पडद्यावर उजळतं, आणि पोरं तिला डोक्यावर घेतात. मला ते सहन होत नव्हतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला तालुक्याचे साहेब बघायला यायचे ठरले. सोबत आसपासच्या शाळांचे मुख्याध्यापक. साहेबांना पसंत पडलं तर तालुक्यातल्या ज्या ज्या शाळेत जुन्या मशीन धूळ खात आहेत तिथे सरांची सिस्टीम बसणार होती. सरांनी आठवडाभर दाढी केली नव्हती. त्या दिवशी मात्र इस्त्रीचा शर्ट, अत्तर. भाभींनी शेवया पाठवल्या होत्या. स्वागत नेहमीप्रमाणे आम्हा बायकांकडे: रांगोळी, गुलाब, पाणी, चहा. शाळेत कोणीही येवो, वर्गात शिकवणारी बाई त्या दिवशी यजमानीण होते.

साहेब आले, बसले, आणि लाइट गेली.

सर उलट खुशीत आले. "पाहा साहेब, लाइट गेली, काम चालू!" थोरली आणि काही धाकट्या इन्व्हर्टरवर होत्या. पोरं टाइप करत होती. पण पंखे बंद. खोलीत तीसेक माणसं, वर पत्रा. साहेबांच्या शर्टाची पाठ भिजली. मुख्याध्यापकांनी मागून माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनी कुलर दाखवला. पाहुण्याला घाम आला म्हणजे यजमानाची अब्रू गेली.

कुलर मागच्या दाराशी होता. त्याची वायर सामानाच्या खोलीपर्यंत पोचत होती, आणि तिथे एकाच बोर्डात वीज होती. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी क्षणभर थांबले, मनात म्हटलं, पाच मिनिटांनी काय होतंय, आणि पिन थोरलीच्या बोर्डात खुपसली.

कुलर गुरगुरला. इन्व्हर्टरने एक बारीक किंकाळी मारली. थोरलीचा हिरवा दिवा गेला आणि पुन्हा आला. मी पिन ओढून काढली. एवढंच.

पलीकडे नेमक्या त्याच वेळी सरांनी आपला हुकमी पत्ता काढला होता: एक कळ दाबली की सगळे पडदे एकदम वऱ्हाडी बोलायला लागतात. त्यांनी कळ दाबली आणि सगळं गोठलं. थोरली मध्येच बंद पडून पुन्हा उठत होती, म्हणून धाकट्या अडकल्या. पडदे उजळलेले, अर्धी अक्षरं इंग्रजी, अर्धी वऱ्हाडी. कळफलक मेलेले.

साहेब हसले. दुष्ट माणूस नव्हता. म्हणाले, "वा सर! आपली बोली झेपली नाही वाटतं तिला."

सगळे हसले. साहेबांच्या हसण्याने हसणारे सगळे.

सर धावत सामानाच्या खोलीत आले. थोरलीसमोर बसले. ती आपोआप पुन्हा चालू होत होती. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "मॅडम, इथं काही झालं काय?"

"नाही," मी म्हटलं.

ती सावरेपर्यंत साहेब चहा, शेवया घेऊन "चांगला प्रयत्न आहे" म्हणून गेलेसुद्धा. तालुक्यातल्या बाकीच्या शाळांत सिस्टीम गेली नाही, ती गेलीच नाही. कुलर दाराशी तसाच उभा होता. लाइट नाही म्हणून बंद, असंच सगळ्यांनी धरलं.

इथवर झालं ते घाबरून झालं असं म्हणता येईल. पुढचं तसं नाही.

सर ती सगळी सुट्टी दोष शोधत बसले. शाळा बंद, शिपाई गावाला, हे एकटे त्या पत्र्याखाली. कळ दाबायचे, सगळं वऱ्हाडी व्हायचं, काही बिघडायचं नाही. पुन्हा दाबायचे. जून उजाडला तेव्हा वाळले होते. मला म्हणाले, "दोष सापडत नाई म्हनजे तो लपून बसला हाये, मॅडम. आपन नसलो की निघन." मग एकेक शब्द काढायला लागले. आज "दम धर" काढलं, उद्या "रडशीन". असं करत सगळं काढलं आणि जुनी पुस्तकी मराठी परत बसवली. घरी भाभींना म्हणाले, "तुह्या बोलीनं बसवली मशीन." थट्टेत म्हणाले की कसं, कोण जाणे. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत हसत.

आणि मी, जिला एका वाक्यात हे थांबवता आलं असतं ती, मनातून सुखावले. पडदा पुन्हा शुद्ध झाला होता. "कृपया प्रतीक्षा करा." पोरं पुन्हा गप्प झाली होती. माझी त्या दिवशीची घबराट आठ दिवसांत विरली. हे सुख पुढची कित्येक वर्षं टिकलं. त्याचीच मला लाज आहे.

सर नंतरही तसेच राहिले. चपला, डबे, फळ्याचा कोपरा. पण पोरांनी एखाद्या अडचणीवर "सर, हे काहून झालं?" विचारलं की आधी सपासप उत्तर द्यायचे, ते आता म्हणायचे, "माहंच काही चुकलं असन."

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोप समारंभाचं सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. शाल, श्रीफळ, भाषणं. सरांना दोन शब्द बोला म्हटलं, तर माईक उलटा धरून म्हणाले, "पोट्टेहो, त्या दिवशी थोरली मधातच काहून उठली, हे मले आजवर समजलं नाई. तुमच्यापैकी कोनी मोठं होऊन शिकलं, कोनाले समजलं, तर घरी या. बिर्याणी खाऊ घालीन. मले फक्त सांगा." आणि खाली बसले.

मी माईक घेतला आणि आभारप्रदर्शनाला पुढच्या वक्त्यांना बोलावलं. व्याकरणात एकही चूक झाली नाही.

पुढच्या रविवारी मी मालेगावला त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ. सर ओट्यावर, लुंगीत, मांडीवर जुन्या मशीनचा उघडा डबा. "या या मॅडम! बिर्याणी खाले आल्या काय?" त्यांनी थट्टा केली. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कुलर, पिन, दिवा, आणि "नाही".

 त्यांचा पहिला प्रश्न आला तो रागाचा नव्हता. "हिरवा दिवा पुरा गेला होता? का नुसता बारीक झाला होता?"

"पुरा गेला. मग आला."

"आणि इन्व्हर्टर वरडलं?"

"हो."

त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हनजे ती बरोबर होती! सगळं बरोबर होतं!" दात दिसेपर्यंत हसले. असे हसताना मी त्यांना किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पदराने तोंड पुसलं. वाटलं, सुटले.

मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. ते घराच्या आतल्या बाजूला पाहायला लागले. आतून तव्याचा आवाज येत होता. डबा त्यांनी खाली ठेवला.

"मले कायले सांगून राह्यल्या मॅडम," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. "माही मशीन होती, मी मशीनवर राग काढला. तुमी आत जा. तिले सांगा."

मी आत गेले. भाभी गॅसपाशी भाकरी थापत होत्या. "बसा ना मॅडम, चहा मांडते," म्हणाल्या, अगदी तोलून मापून. मी बसले नाही. तेच पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त लहान आणि जास्त घाण वाटलं. भाकरी तव्यावर गेली, उलटली, फुगली. भाभींचे हात थांबले नाहीत.

"मले वाटे, माह्या बोलन्यात काही ऐब हाये," त्या म्हणाल्या. "हे काम कराले बसले की मी चूप राहो. जवळ जायेच नाई. पुन्हा काही बिघडलं तर?" भाकरी उतरवून त्यांनी दुरडीत टाकली. "पोट्टी फोन करते पुन्याहून, तर मी तिच्यासंगही नीट नीट बोलो. ते म्हने, अम्मी, तू अशी बातम्यावानी काहून बोलून राह्यली?"



त्यांनी पुढचा गोळा हातात घेतला, पण थापला नाही. "एक सांगा. कुलर लावला म्हनता. हवा तरी लागली काय त्या साहेबाले?"

"नाई लागली वो भाभी," मी म्हणाले. "पातं फिरेपर्यंतच मले भेव वाटलं, अन् म्या वायर उपसली."

भाभींनी गोळा परातीत ठेवला. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं; इतक्या वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा, खालपासून वरपर्यंत.

"कोन्या गावच्या वो तुमी?" त्यांनी विचारलं.